नकली नाण्यांचा ठराव

२ जानेवारी, गुरुवार

नवी वही. नव्या वर्षाचे संकल्प: चिंता करायची नाही. कुलूप एकदाच ओढून बघायचं, तीनदा नाही. एकेचाळीस नाण्यांची एकेचाळीस कार्डं नव्याने लिहायची, सुवाच्य. मेहुण्याशी वाद घालायचा नाही.

शेवटचा संकल्प साडेचारला मोडला.

मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. तीस वर्षं दर गुरुवारी चारच्या ठोक्याला येतो. ही गेल्याला चौदा महिने झाले, तरी येतो. टेबलाच्या त्या बाजूला तो, या बाजूला मी, मध्ये नाण्यांचा डबा, दोघांच्या डोळ्याला लेन्स. आज विषय निघाला नकली नाण्यांचा. मी म्हटलं, अस्सल ते अस्सल, बाकी सगळी फसवणूक. नक्कल बाळगणारा माणूस संग्राहकच नव्हे. तो म्हणाला, दाजी, अर्धा तास झाला, मी बनवलेल्या दातांनी बिस्किटं खाताय, त्यांचं काय करायचं? दातांच्या डॉक्टरसाठी कवळ्या बनवण्यात त्याचा जन्म गेला. मी म्हटलं, दातांची गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते तेव्हा सुचलं नाही. उद्या सुचेल.

जाताना म्हणाला, रविवारी मंडळात एक गंमत आणतोय, रागावू नका. मी कधी रागावतो?

५ जानेवारी, रविवार

रागात लिहितोय. अक्षर नीट येत नाही.

आज नाणे संग्राहक मंडळाची सभा. सभासद अकरा, वाचनालयाच्या माळ्यावर, महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार. विषय, मार्चमधलं प्रदर्शन. मेहुण्याने पिशवीतून लाकडी ट्रे काढला. आत मऊ कापडावर एकेचाळीस नकली नाणी, स्वतः ओतलेली. म्हणाला, खरी नाणी काचेखाली, ती लोकांनी नुसती बघायची. मला एक टेबल द्या. ही नाणी तिथे ठेवतो, लोकांनी हातात घ्यायची, चाचपायची. चिटणीस (औषधांचं दुकान) म्हणाले, वा, छान. मंडळातले वकील घोडेस्वाराचं नाणं तळहातावर घेऊन लहान मुलासारखे बघत बसले.

मी लेन्स लावली. घोडेस्वाराच्या कानामागे बारीक ओरखडा. जहाजाच्या नाण्याची कड डावीकडे चिमटलेली. म्हाताऱ्या राजाच्या नाकाला टवका. हे ओरखडे, हे टवके मी झोपेतही सांगेन. माझीच नाणी! माझ्या डब्यातल्या एकेचाळिसांच्या एकेचाळीस नकला!

भर सभेत विचारलं. सरळ हो म्हणाला. दाजी, तुमच्याच नाण्यांचे ठसे घेतले, विचारलं नाही ते चुकलं, पण त्याला कारण आहे. मी म्हटलं, चोराकडे कारण असतंच. म्हणाला, घरी येऊन सांगतो. मी म्हटलं, घरचं घरात, मंडळाचं मंडळात. चांगलं बोललो मी.

पुरावा म्हणून जहाज खिशात घालून आणलं. जेवण गेलं नाही. सुनेला वाटलं तिची भाजी बिघडली.

७ जानेवारी, मंगळवार

नाणी मोजली. एकेचाळीस. पुन्हा मोजली. एकेचाळीस. तरी चैन नाही. कणसाच्या नाण्याच्या खाचेत एक गुलाबी कण सापडला. दातांचे ठसे घेतात, तो लगदा. म्हणजे मी दुपारी आडवा व्हायचो तेव्हा हे उद्योग चालायचे. पण डब्याची किल्ली त्याला कोणी दिली? किल्ली माझ्या उशीखाली असते, आणि ते मी आणि ही सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. गूढ आहे. मेहुणा दिसतो त्यापेक्षा पोचलेला निघाला.

सुनेला विचारावं वाटलं. विचारलं नाही. मंडळाच्या गोष्टी मी घरात बोलत नाही.

९ जानेवारी, गुरुवार

मेहुणा चारला हजर. मी लेन्स मुद्दाम कपाटात ठेवली होती, म्हणजे त्याने समजून घ्यावं. त्याने समजून घेतलं नाही, बसला. म्हणाला, दाजी, ऐका तरी, ताईनं... मी म्हटलं, गेलेल्या माणसाला मध्ये आणून सहानुभूती मिळवू नकोस. जे असेल ते मंडळाला लेखी दे.

चहा अर्धा टाकून गेला.

हिचा काय संबंध? हिला नाण्यांत रस नव्हताच. शेवटची चार वर्षं साखरेमुळे दिसत नव्हतं, पण दिसत होतं तेव्हाही नव्हता. डब्याचं झाकण वाजलं की स्वयंपाकघरातून म्हणायची, बसलात का तुमची लेकरं घेऊन. संपलं.

१४ जानेवारी, मंगळवार

ठरावाचा मसुदा तयार. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण कारखान्यात पस्तीस वर्षं अवजारं घडवताना टूलरूमच्या नोटिसा वाचल्या आहेत, भाषा जमते. 'याद्वारे असे ठरविण्यात येते की, कोणत्याही सभासदाने नकली नाणे बाळगू नये, दाखवू नये व त्याचे कौतुक करू नये.' कौतुक हा शब्द वकिलांसाठी घातला.

शिवाय एक मोठा शोध. जहाज लेन्सखाली दोन तास पाहिलं. ओतलेलं नाणं नवंकोरं दिसायला हवं. हे झिजलेलं आहे! शिडं घासून गुळगुळीत. सभेत पाहिलेली बाकीचीही तशीच होती, राजाचं नाक, घोड्याचा खांदा, नेमके उंच भाग. कथलासारखा मऊ धातू, तरी असं आपोआप होत नाही. कोणीतरी महिनोन्‌महिने, रोज, अंगठ्याने घासलं आहे. कशासाठी? जुनं वाटावं, खऱ्यात खपावं म्हणून. एवढी चिकाटी चांगल्या कामाला लावली असती तर!

१९ जानेवारी, रविवार

विजय!

झाला तो प्रकार क्रमाने लिहितो. मी ठराव वाचला. वकील उठले. म्हणाले, मोठमोठ्या संग्रहालयांत नकला असतात. शिकायला, शिकवायला उपयोगी पडतात. नक्कल वाईट नाही, ती लपवणं वाईट. आणि दात विचकून म्हणाले, तुमची कवळी आधी जमा करा. हशा.

मी हशा संपू दिला. मग म्हटलं, आपण सगळे सत्तरीच्या पुढचे. उद्या आपण गेलो की पोरं डबे उघडतील. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे त्यांना सांगणार कोण? मग झिजेचा मुद्दा काढला. म्हटलं, हा माणूस नकला करून थांबला नाही, त्या घासून जुन्या केल्या. मेहुणा माझ्याकडे नुसता बघत राहिला.

चिटणीस म्हणाले, ठरावाला अनुमोदक कोण? कोणी हलेना. वाचनालयाचा पंखा तेवढा वाजत होता. मी उभाच. मग एक हात वर गेला.

मेहुण्याचा!

स्वतःविरुद्धच्या ठरावाला स्वतःच अनुमोदन! म्हणजे पटलं त्याला. माझं बोलणंच तसं झालं होतं. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आणि तेवढं त्याचं आहे हे मी नाकारत नाही.

वकिलांनी दुरुस्ती सुचवली: नकला ठेवायला हरकत नाही, पण प्रत्येकीवर न पुसणारी खूण हवी. सात विरुद्ध तीन, मंजूर. खूण म्हणून फुली. मेहुणा म्हणाला, मागे मारू या किंवा कडेला. मी म्हटलं, अजिबात नाही, समोर, बरोबर मध्यावर, डोळ्यांना दिसेल अशी. डोळ्यांना ना, असं म्हणून तो किंचित हसला. का हसला कळलं नाही. फुलीचा पंच, म्हणजे ठोकून खूण उमटवायचा पोलादी ठसा, फुकट बनवून देण्याची जबाबदारी मी घेतली. टाळ्या. (दोघांच्या.)

२३ जानेवारी, गुरुवार

मेहुणा आला नाही. गार हवा आहे, त्याला खोकला होतो.

पंच तयार. जुन्या ड्रिलच्या दांड्यातून घासला, गॅसवर लालभडक केला आणि तेलात बुडवला. स्वयंपाकघरात एवढा धूर झाला की सुनेने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हणाली, बाबा, तुम्हाला फॅक्टरी काढायची असेल तर आधी सांगा, आम्ही भाड्याचं घर बघतो. मुलगा म्हणाला, बाबांना या वयात छंद आहे हे चांगलंच आहे. छंद म्हणे!

जहाजावर पहिला ठोका मारून पाहिला. एका घावात स्वच्छ फुली. हात अजून विसरलेला नाही. जहाज औषधांच्या खणात ठेवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सभेत काम पार पडलं. मी पोलादी ठोकळा, हातोडी, पंच घेऊन बसलो. मेहुणा एकेक नाणं माझ्यापुढे ठेवायचा, मी ठोकायचो. सात-आठ झाल्यावर ट्रे माझ्याकडे सरकवून खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यावर काहीतरी बघत असावा. चाळीस ठोके. मी त्याला हाक मारून म्हटलं, बघ, एकही तिरकी नाही. म्हणाला, हो, तुमचं काम पक्कं असतं.

चिटणीस म्हणाले, आता प्रदर्शनात टेबल द्यायला हरकत नाही. मेहुणा म्हणाला, नको, आता कशाला. ट्रे पिशवीत घालून निघाला. जिन्यात मी विचारलं, गुरुवारी येतोस ना? त्याला ऐकू आलं नसावं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आला नाही. खोकला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आला नाही. एवढा खोकला कोणाला असतो? फोन केला, उचलला नाही. वय झालं की फोन हाताशी ठेवायला पाहिजे, त्याला कितीदा सांगितलं आहे. मी सहापर्यंत वाट पाहिली, तीही सहज, कार्डं लिहीत लिहीत. कार्डं झाली: दोन.

आज लक्षात आलं. मला दाजी म्हणणारा जगात तेवढा एकच आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू.

सकाळी सून ब्लडप्रेशरची गोळी काढायला खणाशी गेली. मी पेपर वाचत होतो. बराच वेळ गोळी येईना. वर पाहिलं तर तिच्या हातात ते जहाज. म्हणाली, बाबा, हे आईंचं जहाज. यावर फुली कोणी मारली?

मी म्हटलं, मी.

ती तिथेच माझ्या पलंगावर बसली. मग सांगत गेली. म्हणाली, मला वाटलं, आई गेल्यावर मामांनी तुम्हाला सांगितलं असेल. आईंचे डोळे गेल्यावर मामा दुपारी यायचे, तुम्ही झोपलेले असायचा. आई उशीखालची किल्ली काढून द्यायच्या, चोरासारख्या हळू, आणि हसायच्या. मामा दोन-दोन नाण्यांचे ठसे घेऊन जायचे. ओतलेली नाणी आणून द्यायचे. मग रोज दुपारी आई ती घेऊन बसायच्या. एकेक हातात घ्यायचं, अंगठा फिरवायचा, नाव सांगायचं. चुकलं की मामा म्हणायचे, नापास. मी भांडी घासताना ऐकायचे, बाबा. घोडेस्वार, कणीस, जहाज. आई म्हणायच्या, ह्यांचा जन्म या डब्यात गेला, आत आहे तरी काय ते मला बघायचंय.

चार वर्षं. रोज.

मी विचारलं, मला का नाही मागितली? खरी दिली असती.

सुनेने जहाज माझ्या हातात ठेवलं. मग मलाच आठवलं. हिने एकदा मागितलं होतं. डोळे गेले त्याच वर्षी. टेबलाशी येऊन उभी राहिली होती, म्हणाली होती, एक द्या की हातात. मी म्हटलं, घामाचा डाग पडतो, हातमोजे घाल. दिले होते मी. माझे चांगले सुती हातमोजे. तिने ते घातले, नाणं धरलं, थोडा वेळ थांबली, परत दिलं. म्हणाली, छान आहे.

मी कार्डावर काहीतरी लिहीत होतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

रडत बसून उपयोग नाही. उपाय करायचा. चिटणिसांच्या दुकानात गेलो, अर्ज दिला. 'सदर एकेचाळीस नाणी नकली असली तरी त्यांवरील झीज अस्सल आहे. अशी झीज पुन्हा होणे नाही. म्हणून त्यांची नोंद अस्सल या सदरात करावी व पूर्वीचा ठराव या नाण्यांपुरता मागे घ्यावा.' चांगला लिहिला होता. दोनदा कच्चा करून.

चिटणिसांनी वाचला, खोकल्याचं औषध मागणाऱ्या बाईला औषध दिलं, पुन्हा वाचला. म्हणाले, अहो, ठराव तुमचाच. मी म्हटलं, हो. म्हणाले, फुल्याही तुम्हीच मारल्यात. मी म्हटलं, हो. म्हणाले, मग मंडळाने आता नक्की काय करावं असं तुम्हाला वाटतं?

मला वाटलं होतं त्यांना ठाऊक असेल.

फुली भरून काढता येते का, यावर विचार केला. वेल्डिंग नाही चालणार, धातू मऊ, सगळंच वितळेल. घासून काढली तर हिने केलेली झीजही जाईल. टूलरूममध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. काहीतरी सुचेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

मेहुण्याकडे गेलो. तीस वर्षांत त्याच्या घरी चारदा गेलो असेन, नेहमी तोच येतो. बोलायचे मुद्दे कागदावर काढले होते. पहिला, माफी. दुसरा, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. दुसरा मुद्दा जिन्यात खोडला. तीनदा सांगायचा प्रयत्न केला होता त्याने.

दार उघडून म्हणाला, या, बसा. पाणी आणलं. खुर्चीवरचे कपडे उचलून मला जागा केली. तब्येत विचारली, गुडघा विचारला, सुनेची चौकशी केली. सगळं नीट, गोड. टोमणा नाही, कवळीची चेष्टा नाही. एकदाही दाजी म्हणाला नाही. मी मोजत होतो.

मी म्हटलं, गुडघा जिन्याला त्रास देतो. माफीचा मुद्दा होता, निघालं ते हे.

मग विचारलं, तिला किती यायची ओळखता? म्हणाला, अडतीस. म्हातारा राजा आणि तरुण राजा यांच्यात गोंधळ व्हायचा, आणि कणसाला ती कधीकधी पीस म्हणायची. एकेचाळीस पूर्ण झाली की गुरुवारी आपल्यासोबत टेबलाशी येऊन बसणार होती. तुम्ही नाणं काढायचं आणि तिने लेन्स न लावता नाव सांगायचं. मला शपथ घातली होती, आधी बोलायचं नाही. मग तिला दवाखान्यात हलवलं. तिथेही पिशवीत राजे होते, दोन्ही.

खालच्या घरात कोणीतरी शिलाई मशीन चालवत होतं.

मी विचारलं, मग त्या दिवशी हात का वर केलास? म्हणाला, तुम्ही उभे होता आणि कोणीच बोलेना. तीस वर्षांत तुम्हाला एकटं उभं राहू दिलं नाही, ते त्याच दिवशी कसं दिलं असतं?

ट्रे मागितला. म्हणजे मागायचा नव्हता, तोंडून गेलं. लगेच आत जाऊन घेऊन आला. घेऊन जा म्हणाला, तुमच्यासाठीच पाठ करत होती ती.

दारात मी म्हटलं, गुरुवारी येशील? म्हणाला, बघतो.

मेहुण्याचं 'बघतो' मला चांगलं माहीत आहे. बघतो म्हणजे येणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पक्का कार्यक्रम. रोज एक तास सराव, डोळे मिटून. हिला अडतीस यायची, मला एकेचाळीस यायलाच हवीत, पन्नास वर्षांची ओळख आहे. गुरुवारी मेहुणा आला की काही बोलायचं नाही. रुमाल बांधायचा, हात पुढे करायचा. तो नाणं ठेवेल, मी नाव सांगेन. त्याला समजेल. माफी अशी मागतात, कागद वाचून नाही.

आज सुरुवात करणार होतो. डोळे मिटायची भीती वाटली. उद्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

उद्या थेट करीन. पन्नास वर्षं हाताळलेल्या नाण्यांना सराव कशाला हवा?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चार वाजता तयार. जहाजही ट्रेमध्ये परत ठेवलं. मेहुण्याची खुर्ची पुसली.

साडेचार. रस्त्यावर गर्दी असेल.

पाच. खोकला असेल.

साडेपाचला सून चहा घेऊन आली. ट्रेकडे बघितलं, माझ्या हातातल्या रुमालाकडे बघितलं. काही न विचारता मेहुण्याच्या खुर्चीत बसली. म्हणाली, बांधा बाबा, मी देते.

बांधला. हात पुढे केला. तिने एक नाणं ठेवलं. मी अंगठा फिरवला. आधी फुली लागली. बोट बाजूला नेलं, पुन्हा फुलीवरच घसरलं. हिच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली जागा शोधत होतो, ती फुलीच्या खालीच होती. सून म्हणाली, कोणतं, बाबा? मी म्हटलं, फुली. तिने ते घेतलं, दुसरं ठेवलं. मी खूप वेळ घेतला. कोणतं, बाबा? मी म्हटलं, फुली.

तिसरं तिने ठेवलं नाही. माझा हात तसाच पुढे होता. डोळ्यांवर रुमाल, त्यामुळे ती समोर बसली आहे की उठून गेली, तेही मला कळेना.